रांजणातले खडे

मित्रहो, आजचं बोलणं एका हॉस्पिटलमधल्या प्रसंगापासून सुरू करते.

खाटेवर एक तरुण मुलगी बेशुद्ध पडून आहे. तिच्या पोटात सुरा गेला आहे, शिवाय ती उंचावरून कोसळली आहे. तिच्या उशाशी एक मध्यमवयीन गृहस्थ आहे. नीटनेटका सूट, विंचरलेले केस, तोंडात कधी शिवी नाही, दुसऱ्याने दिली तर त्याला टोकणारा. ही मुलगी आता शुद्धीवर येईल असं दिसत नाही, हे त्याला सांगितलं जातं, आणि बापाचा पडावा तसा त्याचा चेहरा पडतो. मग त्याच्या लक्षात येतं, हिला भोसकणारी मुलगीही इथेच, शेजारीच पडून आहे. तो चालत तिच्यापाशी जातो आणि तिचं नाक-तोंड दाबून धरतो.

हा गृहस्थ त्या शहराचा महापौर, रिचर्ड विल्किन्स. शंभर वर्षांपूर्वी त्याने हे शहरच मुळी राक्षसांना भक्ष्य मिळावं म्हणून वसवलं. लवकरच शाळेच्या पदवीदान समारंभात तो स्वतः अजस्र सापाचं रूप घेणार आहे आणि समोर बसलेल्या मुलांना गिळणार आहे. त्याची सगळी तयारी झालेली आहे. आणि तरी त्या खोलीतलं त्याचं दुःख खोटं नाही. अभिनेता हॅरी ग्रोनर यांनी तो प्रसंग असा काही उभा केला आहे, की त्या दोन मिनिटांत आपण त्याच्या बाजूने रडवेले होतो आणि पुढच्याच क्षणी त्याचा हात पाहून हादरतो.

मालिका आहे ‘बफी द व्हँपायर स्लेयर’. 10 मार्च 1997 रोजी अमेरिकेत डब्ल्यूबी वाहिनीवर सुरू झाली, पुढे यूपीएनवर गेली आणि 20 मे 2003 रोजी संपली. सात पर्वं, 144 भाग. जॉस व्हीडन यांनी ती निर्माण केली आणि बफीचं काम सारा मिशेल गेलर यांनी केलं. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं काल्पनिक शहर, त्याखाली नरकाचं तोंड, आणि पिढीगणिक एका मुलीकडे, म्हणजे स्लेयरकडे, येणारी व्हँपायर मारण्याची जबाबदारी, एवढा तिचा ऐवज. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी मी गोष्ट सांगत सांगत जाईन. शेवट फुटेल, त्याला माझा इलाज नाही. शेवटाशिवाय या खलनायकांबद्दल बोलताच येत नाही.

नैतिक गुंतागुंत म्हटलं की आपल्याकडे एक शब्द लगेच पुढे येतो, करडा. पात्र काळं-पांढरं नाही, करड्या रंगाचं आहे. मला हा शब्द पटत नाही. करडा रंग कसा होतो? काळ्यात पांढरं मिसळून. म्हणजे काळं थोडं कमी झालं आणि पांढरंही मळलं. महापौराकडे बघा. फेथवरच्या, त्या खाटेवरच्या मुलीवरच्या, त्याच्या मायेत कुठे मळ आहे? आणि त्या मायेने त्याचा दुष्टपणा रतीभर तरी कमी झाला का? दोन्ही पूर्ण आहेत. दोन्ही एकाच माणसात शेजारी शेजारी नांदतात, एकमेकांना न भिडता. मला या मालिकेतल्या खलनायकांनी शिकवलं ते हे, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मालिका सुरू होते तेव्हा मात्र सगळं फार सोपं असतं. पहिल्याच आठवड्यात झँडर नावाच्या मुलाचा जिवलग मित्र व्हँपायर होतो. बफीचे मार्गदर्शक जाइल्स त्याला बजावतात, की तो समोर आला तर तू तुझ्या मित्राकडे बघत नसशील, त्याला ज्याने मारलं त्याच्याकडे बघत असशील. नियम ठरला. माणूस मेला, आत्मा गेला, शरीरात सैतान शिरला. त्याला मारण्यात पाप नाही. लाकडी खुंटी छातीत घातली की धूळ होते, प्रेतसुद्धा मागे राहत नाही. विचार करा, किती सोयीची व्यवस्था आहे ही. मारेकऱ्याला हातही धुवावे लागत नाहीत.

पुढची सात वर्षं ही मालिका स्वतःच घालून दिलेल्या या नियमाला एकेक भोक पाडत गेली.

पहिलं मोठं भोक दुसऱ्या पर्वात पडलं, तेही एका राक्षसाच्याच तोंडून. जानेवारी 1998 च्या दोन भागांत ‘द जज’ नावाचा एक प्राचीन राक्षस येतो. ज्याच्यात माणुसकीचा अंश असेल तो त्याच्या स्पर्शाने जळून जातो. त्याला जागं करणारे स्पाइक आणि ड्रुसिला हे व्हँपायर प्रेमी आहेत. डोळे उघडताच हा जज त्या दोघांकडे बघून म्हणतो, तुम्हा दोघांना माणुसकीचा वास येतोय. तुमच्यात माया आहे, मत्सर आहे. आत्मा नसलेली, शेकडो माणसं मारलेली ही जोडी, आणि त्यांना माणुसकीचा वास! याउलट काहीच वेळात अँजेल, म्हणजे बफीचा प्रियकर, शापाने आत्मा परत आलेला व्हँपायर, त्याच शापाच्या अटीमुळे आपला आत्मा गमावतो, पुन्हा पूर्वीचा अँजेलस होतो, आणि जज त्याला स्पर्श करतो तेव्हा काहीही होत नाही. हा स्वच्छ आहे, असा निर्वाळा मिळतो. दुष्टपणाच्या मोजपट्टीवर स्वच्छ.

म्हणजे आत्मा नसलेल्यांतही दोन जाती निघाल्या. मग आत्मा हा शब्द नेमकं काय मोजतो?

त्याच पर्वाच्या अखेरीस, 19 मे 1998 च्या भागात, अँजेलस जग बुडवायला निघतो आणि स्पाइक बफीकडे तहाची बोलणी करायला येतो. त्याला जग वाचवायचं आहे. का, तर त्याला हे जग आवडतं. त्याला फुटबॉल आवडतो, कुत्र्यांच्या शर्यती आवडतात, आणि पायांवर चालत येणारं एवढं खाद्य दुसरीकडे कुठे मिळणार? शिवाय ड्रुसिला त्याला परत हवी आहे. त्याच्या मदतीने जग खरोखरच वाचतं. पण त्या लढाईतला एक क्षण मी कितीदा तरी मागे नेऊन पाहिला आहे. स्पाइक बेशुद्ध ड्रुसिलाला उचलून निघाला आहे. मागे वळून बघतो तर अँजेलस बफीवर तुटून पडला आहे. हा तिला मारणार, असं तो स्वतःशी म्हणतो, खांदे उडवतो आणि निघून जातो. जगावरचं प्रेम खरं, ड्रुसिलावरचं प्रेम खरं, आणि खांदे उडवणंही तितकंच खरं. जेम्स मार्स्टर्स यांनी तिन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर दाखवल्या आहेत. त्याला कुणी करडा म्हणावं, मला जमत नाही.

आता जरा मागे, नोव्हेंबर 1997 मध्ये. फोर्ड नावाचा बफीचा जुना वर्गमित्र तिला भेटायला येतो. छोटंच काम आहे, एकाच भागापुरतं. तो माणूस आहे, राक्षस नाही. त्याला मेंदूचा कॅन्सर आहे, काही महिनेच उरले आहेत. व्हँपायर झालो तर मरावं लागणार नाही, म्हणून तो स्पाइकशी सौदा करतो. बदल्यात बफी द्यायची, आणि व्हँपायरांच्या भक्तीत रमलेली काही भोळी पोरं तळघरात कोंडून द्यायची. बफी त्याच्यासमोर उभी राहते तेव्हा तो आपल्या दुखण्याचं सांगतो, वेदनांचं सांगतो. तिला त्याची दया येते. डोळ्यांत दिसते. आणि तरी ती त्याला म्हणते, की तुझ्यापुढे चांगला पर्याय नाही हे खरं, पण पर्याय आहे.

हे वाक्य या सगळ्या मालिकेचा कणा आहे असं मी मानते. हल्ली खलनायकाला खोली द्यायची म्हणजे त्याला एक दुःखी बालपण द्यायचं, अशी पद्धत पडली आहे. बापाने मारलं, प्रेयसीने फसवलं, गावाने वाळीत टाकलं, म्हणून तो असा झाला. कारण सापडलं की लिहिणारा सुटतो आणि बघणाराही सुटतो. फोर्डचं कारण तर कुणाहीपेक्षा भारी आहे, मृत्यू. लेखक ते कारण मान्य करतात, एका शब्दानेही हलकं करत नाहीत, आणि तरी जाब विचारायचा थांबत नाहीत. त्या भागाच्या शेवटी बफी फोर्डच्या थडग्यापाशी उभी असते. तो व्हँपायर होऊन वर येतो, ती एका झटक्यात त्याची धूळ करते, बोलणंही मोडत नाही. मग जाइल्सना विचारते, पुढे हे सोपं होतं का? आणि तीच म्हणते, माझ्याशी खोटं बोला. सतरा वर्षांचीही नाही ती अजून.

आता महापौर आणि फेथ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते लेखनाच्या दृष्टीने याहून सरस काम या मालिकेतही दुसरं नाही.

फेथ ही दुसरी स्लेयर. तिचं काम एलायझा डुश्कू यांनी केलं. तिला ना घर ना दार, ती शहराबाहेर एका कळकट मोटेलमध्ये राहते. बफीला आई आहे, जाइल्स आहेत, जिवाला जीव देणारे मित्र आहेत. हिला कुणी नाही. 1999 च्या सुरुवातीला एका रात्री धावपळीच्या झुंजीत फेथच्या हातून एक माणूस मारला जातो. व्हँपायर समजून ती खुंटी घुसवते आणि तो निघतो उपमहापौर, साधा हाडामांसाचा माणूस. त्याची धूळ होत नाही. मालिकेत इतक्या धुळी झाल्या, पण हे प्रेत तसंच पडून राहतं, रक्तासकट. त्या भागाच्या अखेरीस बफी तिच्या खोलीवर जाते तेव्हा फेथ आपला शर्ट धूत असते. डाग निघत नाही, ती घासतच राहते. बफी म्हणते, तू माणूस मारलास. फेथ म्हणते, तुला कळलेलंच नाही, मला त्याचं काही वाटत नाही. तोंडाने हे चाललंय आणि हात घासतायत. हाताला वाटतंय, तोंडाला कबूल नाही. वाईटपणाची सुरुवात मारण्यात नव्हती, तो अपघात होता. ती सुरुवात या वाक्यात आहे.

मग ती महापौराकडे जाते. तो तिला मोटेलमधून काढून चांगलं मोठं घर देतो, खेळायला प्लेस्टेशन देतो. तिला आजवर पुरुषांकडून एकाच प्रकारचं घेणं-देणं माहीत, त्यामुळे ती उपकाराची फेड त्याच भाषेत करू बघते. तो तिला तिथल्या तिथे थांबवतो. असलं मला चालत नाही, मी संसारी माणूस आहे, म्हणतो. आणि त्याच श्वासात पुढे म्हणतो, चला, आता तुझ्या त्या छोट्या मैत्रिणीला मारू या. या दोन वाक्यांच्या मध्ये स्वल्पविरामाइतकीही जागा नाही. पहिलं वाक्य एखाद्या सज्जन चुलत्याचं आहे. दुसरं खुन्याचं आहे. आवाज तोच, चेहऱ्यावरचं हसू तेच.

इतकंच नाही. 4 मे 1999 च्या भागात हाच महापौर बफी आणि अँजेलला त्यांच्या प्रेमाबद्दल चार शब्द सुनावतो. माझी बायको एडना मे, आमचं लग्न 1903 मधलं, मी म्हातारा होत नव्हतो आणि ती होत गेली, सुरकुतली, भ्रमिष्ट झाली, माझ्या तारुण्याला शिव्याशाप देत गेली. तुम्हाला पुढे काय आहे ते मला माहीत आहे, असं तो सांगतो. अँजेल वरवर झटकून टाकतो, पण ते शब्द त्याच्या काळजात रुततात आणि पुढच्याच भागात तो बफीपासून दूर व्हायचं ठरवतो. खलनायक खरं बोलला होता. त्याचा सल्ला योग्य होता. अख्ख्या तिसऱ्या पर्वात या दोघांशी इतकं सरळ दुसरं कुणीही बोललेलं नाही, हे जरा कठीणच जातं पचवायला.

याच भागात तो फेथला एक सुरा भेट देतो. सुंदर, नक्षीदार. बाप लेकीला दागिना द्यावा तसा. पुढे काय होतं बघा. अँजेलला विष चढतं, आणि त्यावर उतारा एकच, स्लेयरचं रक्त. बफी फेथला मारायला निघते. आपली नायिका, हो, प्रियकराला पाजायला एका माणसाला ठार करायच्या तयारीने निघते. झटापटीत तोच सुरा ती फेथच्या पोटात खुपसते. फेथ गच्चीवरून खाली पडते. आणि अखेरच्या लढाईत, महापौराचा साप झाल्यावर, बफी तो सुरा त्याच्यासमोर धरते. ओळखतोस का हा, म्हणून डिवचते, तुझ्या लाडकीच्या पोटात कसा गेला ते सांगते. तो पिसाळतो, तिच्या मागे शाळेत शिरतो आणि लायब्ररीत भरून ठेवलेल्या स्फोटकांवर येऊन पोचतो.

म्हणजे तो मरतो तो त्याच्या क्रौर्यामुळे नाही, त्याच्या मायेमुळे. त्याच्यात जेवढं चांगलं होतं तेच त्याला मारायला वापरलं गेलं, आणि ते वापरलं नायिकेने. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्यांदा बघताना हात जागच्या जागी राहिले.

हा भाग मे 1999 मध्ये दाखवायचा होता. एप्रिलमध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला आणि तो 13 जुलैपर्यंत लांबला. त्याआधीचा आणखी एक भाग थेट सप्टेंबरपर्यंत अडवून ठेवला होता. त्यात जॉनथन नावाचा मुलगा बंदूक घेऊन शाळेच्या मनोऱ्यावर चढतो. सगळ्यांना वाटतं हा मुलांना मारणार. तो स्वतःला मारायला चढलेला असतो. बफी त्याला खाली आणते. जॉनथनचं नाव लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

चौथ्या पर्वातल्या अ‍ॅडमबद्दल मी बोलत नाही. यंत्र, राक्षस आणि माणूस यांच्या तुकड्यांचा तो पुतळा आहे, त्याला काही हवंसंच वाटत नाही. ज्याला काही हवं नाही त्याच्यात गुंता कुठून येणार?

पाचव्या पर्वातली देवता ग्लोरी मात्र वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. तिला बेन नावाच्या एका तरुण डॉक्टरच्या शरीरात डांबलेलं आहे. बेन मेला तर ग्लोरी संपणार. बेन काही ग्लोरीसारखा क्रूर नाही, पण शेवटी जीव वाचवण्यासाठी तो बफीच्या धाकट्या बहिणीला ग्लोरीच्या हवाली करायला राजी होतो. मे 2001 च्या अखेरच्या भागात बफी ग्लोरीला इतकी मारते की तिचा पुन्हा बेन होतो. बफी हातोडा खाली ठेवते, पुन्हा इकडे फिरकू नको म्हणते आणि जाते.

जाइल्स तिथे येतात. खाली बसतात. हलता येतंय का, विचारतात. तिने मला मारलं असतं, असं बेन म्हणतो. नाही, तिला ते जमलं नसतं, जाइल्स म्हणतात. ग्लोरी पुन्हा येणार, बफीला या दयेची किंमत मोजायला लावणार, आणि हे तिलाही ठाऊक आहे. तरी ती माणसाचा जीव घेणार नाही. जाइल्स खिशातून चष्मा काढतात, शांतपणे डोळ्यांवर चढवतात. ती वीर आहे, आपल्यासारखी नाही, म्हणतात. बेन गोंधळून विचारतो, आपल्यासारखी म्हणजे? आणि जाइल्सचा हात त्याच्या नाका-तोंडावर येतो.

मघाचं हॉस्पिटल आठवा. हात तसाच, कृती तीच. तिथे करणारा खलनायक होता आणि इथे करणारा आपला सगळ्यात शहाणा, सगळ्यात प्रेमळ माणूस आहे. दोघांनाही हे मुलीच्या मायेने करायला लावलं. मला वाटतं, हे साम्य लेखकांनी मुद्दाम ठेवलं असो वा नसो, ते तिथे आहे. आणि चष्मा. माणसाला मारताना नीट दिसावं म्हणून चढवलेला चष्मा. या कृत्याबद्दल मालिका पुढे जाइल्सना शिक्षा देत नाही, शाबासकीही देत नाही. कुणाला कळतच नाही. ते फक्त त्यांना आणि आपल्याला माहीत.

सहाव्या पर्वात मालिकेने जे केलं त्यावर तेव्हाही लोक चिडले होते, आजही चिडतात. देवता झाली, महापौर झाला, आता मोठा खलनायक कोण? तर तीन पोरटी. वॉरन, अँड्र्यू आणि आपला जॉनथन. तिघंही माणसं. तिघांनाही आत्मा आहे. नियमाप्रमाणे हे निर्दोष पक्षातले. यातला वॉरन आपल्या आधीच्या प्रेयसीला, कट्रीनाला, एका यंत्राने गुंगवतो आणि दासी करून ठेवतो. तिला मध्येच भान येतं आणि ती त्या तिघांच्या तोंडावर सांगते, हा खेळ नाही, हा बलात्कार आहे. त्या दोघांचे चेहरे उतरतात. त्यांना तोवर खरोखरच तो खेळ वाटत होता. ती पळू लागते आणि वॉरन तिला मारतो. पुढे वॉरन बफीवर गोळी झाडतो, आणि त्यातली एक गोळी बफीची मैत्रीण विलो हिच्या प्रेयसीला, टाराला, लागते आणि ती मरते.

माझ्या दृष्टीने सबंध मालिकेतला सगळ्यात वाईट माणूस हा. त्याच्यावर शाप नाही, त्याच्यात सैतान शिरलेला नाही, त्याला जग बुडवायचं नाही. त्याला फक्त कुणी नाही म्हणू नये असं वाटतं. सैतानाला सबबी तरी आहेत, वॉरनला एकही नाही. आणि अशा माणसाला टाराची प्रेयसी विलो जिवंत सोलते तेव्हा मालिका आपल्याला त्यातही सुख लागू देत नाही. ज्या विलोला आपण पाच वर्षं लाजताना, अडखळताना पाहिलं, तीच हे करते, अगदी सावकाश, बोलत बोलत. विलो हीच त्या पर्वाची शेवटची खलनायिका ठरते.

इथे मला एक तक्रारही नोंदवायची आहे. टाराचा मृत्यू. टीव्हीवर दोन मुलींचं प्रेम इतक्या घरगुती पद्धतीने तोवर फार थोड्या ठिकाणी दिसलं होतं, आणि विलोला खलनायिका करण्यासाठी टाराला मारलं गेलं. खलनायकाला खोली यावी म्हणून एका चांगल्या बाईचा जीव खर्ची घालायचा, हा हिशेब मला मान्य नाही. विलोच्या कोसळण्याचं लेखन कितीही ताकदीचं असलं तरी.

आता राहिला पश्चात्ताप. आपण सगळे वाल्या कोळ्याच्या गोष्टीवर वाढलो आहोत. वाटसरू मारायचा आणि एका माणसामागे एक खडा रांजणात टाकायचा. असे सात रांजण भरले. मग नारद विचारतात, तुझ्या पापात तुझे घरचे वाटेकरी आहेत का? बायको-मुलं नाही म्हणतात, आणि वाल्याचे डोळे उघडतात. पुढे तप, वारूळ, वाल्मीकी. लहानपणापासून मला पडलेला प्रश्न असा, की त्या खड्यांचं काय झालं? वारूळ झालं तेव्हा रांजण कुठे होते?

या मालिकेतले पश्चात्ताप मला म्हणून जवळचे वाटतात, की तिथे रांजण नजरेआड होत नाहीत.

फेथ आठ महिन्यांनी शुद्धीवर येते. महापौराने मरण्याआधी तिच्यासाठी व्हिडिओ टेप करून ठेवलेली असते, तू हे बघतेयस म्हणजे मी हरलो, असं सांगणारी. तिच्या पापाचा वाटेकरी व्हायला एकच जण तयार होता, तोही गेला. त्याने ठेवलेल्या यंत्राने ती बफीशी शरीराची अदलाबदल करते. आता बफीच्या शरीरात फेथ आहे आणि लोक तिच्याशी प्रेमाने बोलतायत. शेवटच्या झटापटीत ती समोरच्या फेथच्या, म्हणजे स्वतःच्याच चेहऱ्यावर ठोसे मारत सुटते, तुझी किळस येते, तू काहीच नाहीस, असं ओरडत. पुढे ‘अँजेल’ या जोडमालिकेत, 2000 च्या एप्रिलमध्ये, ती भर पावसात अँजेलवर हल्ला करते आणि मधेच कोसळते. मला मार, मी वाईट आहे, म्हणून त्याची विनवणी करते. तो मारत नाही, धरून ठेवतो. आणि मग ती पोलिसांत जाऊन कबुली देते. व्हँपायर, शाप, राक्षस यांच्या जगात हिचं प्रायश्चित्त म्हणजे अमेरिकेतला साधा तुरुंग. चार भिंती आणि वर्षं. एवढ्या साध्या गोष्टीने मी हलले होते.

जॉनथन 2002 च्या नोव्हेंबरमध्ये मरतो. शाळेतल्या त्या लोकांना आता माझी आठवणही नसेल, पण मला त्यांची काळजी वाटते, असं काहीतरी तो मनापासून सांगत असतो, आणि अँड्र्यू, त्याचा मित्र, त्याला भोसकतो. मग अँड्र्यू कितीतरी भाग त्या खुनाच्या गोष्टी रचत राहतो. मला भुलवलं गेलं, मी तेव्हा मी नव्हतो. फेब्रुवारी 2003 च्या एका भागात तो हातात व्हिडिओ कॅमेरा घेऊन स्वतःच्याच आयुष्याची रंगीत कहाणी सांगत फिरतो. बफी त्याला त्याच जागी नेते, सुरा धरते, आणि गोष्टी पुरे म्हणते. तो रडत कबूल करतो की मी मारलं, आणि मला कळत होतं. त्याचे अश्रू पडतात तेव्हा नरकाचं ते दार मिटतं. रक्त नको होतं त्याला, आसवं हवी होती. घरी आल्यावर तो कॅमेऱ्यासमोर बसतो, नेहमीसारखी कहाणी सुरू करतो, आणि बोलता बोलता स्वतःच कॅमेरा बंद करतो.

आणि स्पाइक. त्याच्या अंगातला तो काळा लेदर कोट आठवत असेल. तीनेक वर्षं आपण त्या कोटावर लुब्ध होतो. मग नोव्हेंबर 2000 च्या भागात कळतं, तो कोट त्याने 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मारलेल्या स्लेयरच्या, निकी वूडच्या, अंगावरून काढून घेतलेला आहे. दीड वर्षानंतर तो बफीवर बलात्काराचा प्रयत्न करतो. तो प्रसंग मी पुन्हा बघू शकलेले नाही. तिथून तो आफ्रिकेत जातो आणि स्वतः मागून, छळ सोसून आत्मा परत मिळवतो. अँजेलला आत्मा शाप म्हणून मिळाला, याने मागून घेतला. पण आत्मा आला म्हणून तो प्रसंग पुसला जातो का? मालिकेने शेवटी शेवटी स्पाइककडे जरा जास्तच प्रेमाने पाहिलं, असं माझं मत आहे. बफीला त्या रात्रीबद्दल बोलायला जेवढी जागा द्यायला हवी होती तेवढी दिली नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये तो चर्चमध्ये क्रुसाला मिठी मारून उभा राहतो, अंगातून धूर निघतोय, आणि आता विश्रांती घेऊ का, असं विचारतो. प्रसंग सुंदर आहे. मला तो पुरेसा वाटत नाही.

पण मग एक माणूस येतो. रॉबिन वूड. शाळेचा मुख्याध्यापक. निकीचा मुलगा. आई गेली तेव्हा चार वर्षांचा. तो त्या कोटाकडे बघून विचारतो, छान आहे, कुठून घेतला? स्पाइक म्हणतो, न्यूयॉर्क. मार्च 2003 मध्ये वूड त्याला आपल्या गॅरेजमध्ये नेतो. भिंतीभर क्रूस ठोकलेले आहेत. तो त्याला मारायचा पुरेपूर प्रयत्न करतो आणि हरतो. आता स्पाइकला आत्मा आहे, नियमाप्रमाणे त्याने क्षमा मागायला हवी. तो मागत नाही. तुझी आई स्लेयर होती, मी व्हँपायर होतो, ते असंच असतं, एवढंच म्हणतो. बाहेर बफी उभी असते. तो तिला सांगतो, मी याच्या आईला मारलं होतं म्हणून आज याला सोडलं, पुन्हा वाटेला आला तर सोडणार नाही.

आणि तो निघून जातो. वूड आत जमिनीवर पडलेला आहे, रक्तबंबाळ, भिंतीवरचे सगळे क्रूस जागच्या जागी. कोट स्पाइककडेच आहे.